समईसाठीचं सरबत

"फिनेलचो वास येणा नाय, म्हणजे घर घाणच!" सासरे रोज मृणालवर करवादायचे. वेंगुर्ल्याच्या दमट हवेत भिंतींना बुरशी धरायची. पण फिनेलने तिच्या रांगत्या लेकीला धाप लागायची, म्हणून मृणालने ते बंदच केलं होतं. आता फरशीला रिठ्याचं पाणी आणि पितळेला आमसुलं.

आज बाजारातून घामाघूम होऊन आलेले सासरे ओट्यावरच्या भांड्यातलं लालभडक पाणी गटागटा प्यायले. "सरबत बरा झालाहा गो, पण साखर घालूक विसारलंस."

मृणालच्या हातातली काळवंडलेली समई तशीच राहिली. "बाबा, ते समई घासायला केलं होतं!"

सासऱ्यांनी भांड्यात वाकून पाहिलं. मग ते आत गेले आणि खाटेखाली लपवलेली फिनेलची बाटली आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवली.

"ही भायर फेकून दे. घरात पोर रांगता." मिशी पुसत त्यांनी भांडं पुढे सरकवलं. "आणि उरलेल्यात साखर घाल."