पुस्तकात नसलेलं माप

"सर, तुम्ही स्वतः आजवर किती गोळ्या झाडल्या आहेत?"

जाईने पाठवायचं बटण दाबलं आणि फोन पालथा ठेवला. पैज वर्गातल्या हुई मिनची होती. मागच्या महिन्यात ती प्रोजेक्टसाठी जाईच्या घरी आली, तर जाईच्या बाबाने तिला चाळीस मिनिटं बंदुकीच्या दारूवर ऐकवलं होतं. "युअर डॅड एव्हर शूट बिफोर ऑर नॉट? आस्क लाह," असं म्हणून ती तेव्हापासून मागे लागली होती. तोंडावर विचारायची सोय नव्हती. म्हणून जाईने खोट्या नावाने थेट बाबाच्या लाडक्या, बंदुकांच्या ऑनलाइन फोरमवरच विचारलं.

बाबा म्हणजे सुबोध खांबेटे. बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची नोकरी, पुंगोलमध्ये बाराव्या मजल्यावर फ्लॅट. सिंगापुरात घरात एक काडतूस सापडलं तरी तुरुंग. पण त्या फोरमवर अमेरिकेतले म्हातारे त्याला 'सर' म्हणत. त्यांच्याकडे जुन्या घडणीच्या रायफली होत्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या. ती दारू धूर फार करते, नळी घाण करते. मग त्याच काडतुसात नवी, बिनधुराची दारू घरी भरायची त्यांना हौस. किती भरायची ते बाबाला विचारत. बाबा सात जाडजूड पुस्तकं उघडून ताडून बघायचा. आकडा सापडला नाही तर त्याचं उत्तर ठरलेलं: "पुस्तकात नाही, म्हणून माझ्याकडेही नाही."

घरी हे सगळं जेवताना ऐकावं लागे. काळी दारू मापाने भरतात, नवी वजनाने. तेच माप नव्या दारूने भरलं तर रायफल हातात फुटते. कमी भरलं म्हणजे बरं, असंही नाही. काडतुसात रिकामी जागा राहिली तर तीही घात करू शकते. आई शेवटी म्हणायची, "सुबोध, आमटी घे." जाईला हे इतकं पाठ झालं होतं, की केमिस्ट्रीत कुणी विचारत कसं नाही याचाच तिला राग यायचा.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिने बाबाचं उत्तर वाचलं.

"हजारो. सव्वीस वर्षं झाली. माझ्या मामाने शिकवलं, साताऱ्याच्या डोंगरात."

बाबाचा मामा पोस्टात होता. तो फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरायचा.

म्हातारे खूश झाले. मामाबद्दल विचारायला लागले. बाबा रोज मामाला एकेक नवा पराक्रम देऊ लागला. घरात चालणंही बदललं त्याचं, खांदे मागे वगैरे. जाईची नुसती चिडचिड. बोलावं तर पैज उघडी पडणार. गप्प बसावं तर रविवारपर्यंत मामा वाघ मारणार.

शनिवारी संध्याकाळी सातला ती पाणी प्यायला उठली. बाबा लॅपटॉपवर होता. तिने मागून वाचलं. वॉल्टर नावाच्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाने लिहिलं होतं, माझ्याकडची दारू या काडतुसासाठी कुठल्याच पुस्तकात दिलेली नाही. पुस्तकं राहू देत, सर. तुमचा अनुभव काय सांगतो? इथे पहाट झालीय. आता काडतुसं भरतो आणि नऊला नेमबाजीच्या रेंजवर जातो.

सातही पुस्तकं कपाटात होती. बाबाने एकही काढलं नाही. "माझ्या अनुभवानुसार, अर्धं माप," त्याने लिहिलं. आणि पाठवलंसुद्धा.

"बाबा, ते पूस."

"काय पुसू?"

"अनुभव. तुझा अनुभव शून्य आहे. मला माहितीये. तो प्रश्न मीच विचारला होता."

बाबा खुर्चीसकट वळला. आई स्वयंपाकघरातून झारा घेऊनच बाहेर आली.

"तू?" बाबा म्हणाला. मग म्हणाला, "अगं, पण अर्धंच सांगितलंय ना मी."

"कमी म्हणजे बरं नाही, हे रोज आमटी गार होईपर्यंत कोण सांगतं आम्हाला?"

बाबाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ऑफिसात दहा वर्षांत मला कुणी काही विचारलेलं नाही, जाई. तिथे विचारतात. आता नाही म्हणालो तर कोण विचारेल?"

"मग नुसतं पुसून टाक," आई म्हणाली. "कारण कशाला द्यायचं जगाला?"

"त्याने वाचलंय, आई. बघ." जाईने स्क्रीनकडे बोट दाखवलं. खाली वॉल्टरचं उत्तर येऊन पडलं होतं. थँक यू, सर, कामाला लागतो. कधी बोलावंसं वाटलं तर हा माझा नंबर.

बाबा त्या नंबरकडे बघत राहिला. हात मात्र मांडीवरच. जाई वाट बघून वैतागली. तिने स्वतःचा फोन उचलला आणि आकडे दाबायला घेतले.

"काय करतेस?" आईने विचारलं.

"त्याला सांगतेय. माझ्या बाबाने आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही, ती काडतुसं भरू नका."

"आणि कोण बोलतंय म्हणाला तर?" बाबाचा आवाज एवढासा झाला होता.

जाईने फोन कानाला लावला.

"पूर्ण नाव सांगणार आहे मी. जाई सुबोध खांबेटे. त्यात मधे तू येतोसच, बाबा, तेव्हा तूच बोललास तर बरं. रिंग जातेय."