हवेची टोपणं

बोआडूने गाडी लार्बीच्या मोटारसामानाच्या दुकानासमोर उभी केली, आणि दार उघडायला कोणीच उठलं नाही.

दार उघडणं हे आंतवीमामांचं काम. या ट्रोट्रोचे, म्हणजे वडापच्या गाडीचे, मेट तेच. दार उघडायचं, भाडं गोळा करायचं, आणि गाडी सुटायच्या आधी फुफूसाठी उकडलेले कंद कुटायच्या मुसळाचा एक तुटका तुकडा घेऊन चारही टायरांवर ठोके मारत, कान लावत फिरायचं. बोआडूला मिसरूड फुटायच्या आधीपासून ते हेच करत आले होते, आणि दर ठोक्यानंतर एकच निकाल देत आले होते: "फर्स्ट क्लास."

मंगळवारी मागच्या डाव्या टायरला फर्स्ट क्लास मिळाला आणि तो ओफिन्सोच्या भर बाजारात फुटला. शेजारच्या कोंबडीने दचकून अंडं घातलं, आणि ते गाडीचं की कोंबडीवालीचं यावर बराच वेळ भांडण झालं. गाडीच्या मालकीणबाईंनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि बोआडूला फर्मावलं, "शनिवारच्या आत टायरची हवा सांगणारं काहीतरी बसव. नाहीतर किल्ली आणून दे."

आज शुक्रवार होता. मामा शेवटच्या रांगेत खिडकीशी बसले होते. मांडीवर मुसळ, हातात सुट्टे पैसे.

"मामा, दार."

"मी प्रवासी आहे," मामा म्हणाले. "मेटला सांगा. आणि मला ओफिन्सोला उतरवा. कायमचं."

त्यांनी भाडं पुढे केलं. ते हातोहात पुढे आलं, आणि बोआडूपर्यंत पोचेतो कोणीतरी त्यातून आपले सुट्टे करून घेतले होते.

शेवटी दार प्रवाशांनीच उघडलं आणि मामा सोडून सगळे दुकानात शिरले. यंत्र बोआडू घेणार होता, पण टायरवर बसून सगळेच जाणार होते, त्यामुळे मत सगळ्यांना होतं.

लार्बीने पहिलं यंत्र काढलं. रंगीत पडदा, चार टायरांचे चार आकडे, वर उन्हावर चालणारं. बोआडूने किंमत विचारली, ऐकली, आणि यंत्र झोपलेल्या बाळासारखं दोन्ही हातांनी परत ठेवलं.

"मग हे घे," लार्बी म्हणाला. "निम्म्यात पडेल. हे बोलतं. हवा कमी झाली की आतली बाई सांगते."

"कोणत्या भाषेत?"

"चिनी."

"आमच्यात चिनी कोणाला येतं?"

"तुमच्या मालकीणबाई फोनवर ओरडतात तेव्हा तू शब्द ऐकतोस का? तसंच हे. आवाज चढला की थांबायचं."

त्याने बटण दाबलं. आतली बाई घाईघाईने, कळकळीने बरंच काही बोलली. रोज याच गाडीत उभं राहून प्रवचन करणाऱ्या सिस्टर डोरकासने डोळे मिटले.

"आमेन," ती म्हणाली.

मागच्या दोघांनीही आमेन म्हटलं. यंत्र पुन्हा बोललं. आता सगळ्या दुकानाने आमेन म्हटलं.

"प्रभू म्हणतोय," सिस्टर डोरकासने अर्थ सांगायला घेतला, "की पुढे मोठा प्रवास आहे."

"हवा कमी आहे म्हणतंय ते," लार्बी म्हणाला.

"तेही म्हणत असेल."

किंमत बोआडूला पटली होती. पण उद्या हे बोलायला लागलं की गाडीत टाळ्या सुरू होणार, आणि टायर भर भजनात फुटणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने वळून गाडीकडे पाहिलं. रिकाम्या गाडीत मामा एकटेच बसले होते आणि मुसळ शर्टाच्या बाहीने पुसत होते.

"आणखी स्वस्त काही?"

लार्बीने टेबलाखालून धुळीने माखलेलं पाकीट काढलं. आत प्लास्टिकची चार टोपणं.

"हवा भरायच्या तोंडावर बसवायची. हवा ठीक असली की आत हिरवं दिसतं. कमी झाली की पिवळं. फारच कमी झाली की लाल."

"पडदा?"

"नाही."

"बोलतात?"

"नाही."

"मग मला कळणार कसं?"

"कोणीतरी दर थांब्याला खाली उतरून, वाकून बघावं लागतं. म्हणून तर कोणी घेत नाही."

बोआडू ताठ झाला. "कोणीतरी म्हणजे कोण?" त्याने विचारलं. लार्बी हातभर अंतरावर होता, पण प्रश्न रस्त्यापलीकडे ऐकू गेला.

"कोणीही. टायरमधलं कळणारा माणूस असला की झालं."

"असा माणूस आता कुठे मिळायचा हो!"

"मला कळतं टायरमधलं," एक यामकंदाचा व्यापारी म्हणाला. सिस्टर डोरकासने त्याच्या पायावर पाय दिला. "नाही कळत," तो म्हणाला.

गाडी जागच्या जागी हलली. मामा खाली उतरले.

"सरका," ते म्हणाले. "टायर आणि पपई यातला फरक कळत नाही एकेकाला."

त्यांनी टोपणं स्वतःच्या हाताने बसवली. मग पहिल्या टायरवर मुसळाचा ठोका मारला, कान लावला, वाकून टोपण पाहिलं. हिरवं. "फर्स्ट क्लास." दुसरा, तिसरा, तेच. मंगळवारी नवा टाकलेला मागचा डावा राहिला. मामांनी ठोका मारला, कान लावला. वाकले. नाक टोपणाला टेकेपर्यंत वाकले. सगळी गाडी मागे उभी राहून बघत होती. टोपणात पिवळं होतं.

मामा सरळ झाले. पुन्हा एकदा ठोका मारला आणि डोळे मिटून ऐकलं.

"हवा भरा," ते म्हणाले. "आवाज पिवळा येतोय."

"आमेन," सिस्टर डोरकास म्हणाली.