तांदळाचा डबा

"लग्न झालेलं नाही, म्हणजे आईची संमती लागेल," औषधाच्या दुकानातल्या सबनीस बाई रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

"आई महिन्यापूर्वी गेली."

"तिची आवाजप्रत आहे ना? तिला विचारा." त्यांनी गल्ल्यावरच्या संगणकाचा पडदा वृंदाकडे फिरवला.

वृंदा चौतीस वर्षांची होती. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची ती गोळी आज, तिसऱ्या दिवशी, पोटात जायलाच हवी होती. तिने विचारलं, आणि पडद्यातून आईचा आवाज आला, अगदी खोकल्यासकट.

"असली थेरं आपल्या घरात चालत नाहीत. लोकांना तोंड कसं दाखवायचं?"

पडद्यावर लाल अक्षरांत नकार उमटला.

"गेल्यावरही शहाणी आहे हो बाई," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

आई असं बोलायची, हे खरंच होतं. घरातलं बोलणं टिपणारं भिंतीवरचं नोंदयंत्र ऐकत असताना ती असंच बोलायची, आणि त्या नोंदींवरूनच ही प्रत घडवली होती. पण शेजारची सुलभा रडत आली, तेव्हा आईने ते यंत्र भिंतीवरून काढून तांदळाच्या डब्यात खुपसलं, वर झाकण लावलं आणि स्वतःच्या नावावर तिला गोळी आणून दिली. सुलभानंतरही कितीजणी आल्या.

"अजून एकदाच विचारता येईल," सबनीस बाई म्हणाल्या.

वृंदा पडद्याजवळ वाकली. "आई, तांदळाचा डबा आठवतो ना तुला?"

"का गं," आवाजाने मायेने विचारलं, "तांदूळ संपलेत का?"