पालिचुक तळं

"तळं! आई, बाबांच्या नावाचं तळं आहे!"

दानिलो नकाशा फडकवत थेट स्वयंपाकघरात घुसला. बेचाळीस वर्षांचा शाळामास्तर, पण पायांत चिखलाचे बूट तसेच. त्याची आई ओलेना पिरोगीत बटाट्याचं सारण भरत होती.

"बूट," ती म्हणाली.

बाप दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या लढाईत पडला तेव्हा दानिलो आईच्या पोटात होता. मृतदेह सापडला नव्हता. घरात फोटो एकच, त्यातही चेहऱ्यावर टोपीची सावली. आपला बाप दिसायचा कसा, एवढं तरी कळावं म्हणून दानिलो सहा वर्षं दफ्तरखाने पालथे घालत होता. हाती लागायची ती नुसती धूळ.

आणि आज हे! युद्धात मेलेल्या सैनिकांची नावं सरकारनं सास्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेकडच्या तळ्यांना दिली होती. त्यातलंच एक, पालिचुक तळं. नाव दिल्याचं साल एकोणीसशे चोपन्न.

"तेव्हा कळवलं नव्हतं तुला?"

"सरकारचे कागद काय, ढिगानं येतात."

"घरचे लोक तिथल्या खडकावर पितळी फलक बसवतात. आपणही बसवायचा!"

"थंडी असते तिकडे."

"जुलैत?"

ओलेनाचं हे असंच. चर्चमध्ये दरवर्षी गावातल्या मृतांची यादी वाचली जायची; तिनं नवऱ्याचं नाव त्यात एकदाही दिलं नाही. शेजारच्या पेत्रोनं दोनदा मागणी घातली, त्याला दोन्ही वेळा हात हलवत परत पाठवलं. वेडीनं अजून आस सोडलेली नाही, असं गाव म्हणायचं. दानिलोला आईची फार दया यायची.

फलक तयार होऊन घरी आला. ओलेना त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मीही येते."

दानिलोनं तिला उचलूनच घेतलं.

"अरे खाली ठेव, मेल्या! कंबर मोडशील माझी!"

पाण्यावर उतरणारं ते इवलंसं विमान. वैमानिक रेमंड तिकडचाच, बोलका गडी.

"त्या तळ्यावर एक म्हातारा राहतो बरं का," तो इंजिनाच्या वर आवाज चढवून म्हणाला. "'जो' म्हणतात त्याला. तीसेक वर्षं झाली. मासे धरतो, फासे लावतो. माणूसघाणा आहे, पण चावत नाही!"

"मग तर उत्तमच! चांगला खडक तोच दाखवेल."

ओलेना खिडकीबाहेर बघत होती.

टेकडीआडून तळं दिसलं आणि दानिलो काचेला नाक लावून बसला. एवढं सगळं पाणी आपल्या बापाच्या नावाचं! त्याला ओरडावंसं वाटलं आणि तो ओरडलाही. रेमंडही त्याच्याबरोबर ओरडला.

विमान लाकडी धक्क्याला लागलं. उंच, वाकलेला म्हातारा सावकाश पुढे आला. दानिलोनं उडी मारली आणि फलक त्याच्यापुढे धरला.

"काका, हे माझे बाबा. आज त्यांना इथं आणलंय."

म्हाताऱ्यानं चष्मा लावला. फलक वाचला, पुन्हा वाचला. मग तो दानिलोच्या तोंडाकडे बघत राहिला. दानिलोला वाटलं, आता हा हाकलणार आपल्याला.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला आणि विमानातून उतरणाऱ्या ओलेनाकडे पाहिलं.

"पोराला सांगितलंस?"

"नाही," ओलेना म्हणाली. "तुझं तू सांग."