शारदाबाईंचा कान

महाळुंग्यातल्या फ्लॅटमध्ये निवृत्त विठ्ठलरावांनी वर्षभर खपून घरीच स्पीकरची जोडी बनवली. अडलं ते क्रॉसओव्हरपाशी. बारीक आवाज छोट्या स्पीकरला आणि जड आवाज मोठ्याला वाटून देणारं ते सर्किट. पण बारीक आवाज त्यांना सारखा दबलेलाच वाटे. सर्किटमधला कपॅसिटर बदलून तो आवाज थोडा वाढवला की ते गाणं शिकलेल्या बायकोला हाक मारत. "आता कसं वाटतंय?"

"छान झालंय," शारदाबाई म्हणत. त्या शब्दावर विठ्ठलरावांनी सर्किटला सोल्डरिंगचा शेवटचा डाग दिला.

रविवारी स्पीकरची लाकडी खोकी बनवून देणारा रिहे गावचा कैलास सुतार ऐकायला आला. गाणं सुरू होताच त्यानं कानांवर हात दाबले. "काका, बंद करा! लई टोचतंय कानाला."

विठ्ठलरावांनी चमकून शारदाबाईंकडे पाहिलं. बाईंनी मान खाली घालून कानातले कापसाचे बोळे काढले. "तुम्हाला कमी ऐकू येतंय, हे सांगवेना हो मला."

विठ्ठलरावांनी स्पीकर बंद केले.


"माझे कान गेले त्याचं काही नाही गं. पण मी वर्षभर तुझ्याच कानांनी ऐकत होतो."