कोणाकडची

दसऱ्याचे पाहुणे गेले आणि एक म्हातारी उरली.

मागच्या अंगणात ती तांदूळ निवडत बसली होती. पांढरं लुगडं, शेजारी कापडी थैली. काम कोणी सांगितलं नव्हतं. सूप दिसलं, घेऊन बसली.

रुपरावनं शर्टात हात घालता घालता तिला पाहिलं. हिंगण्याच्या कारखान्याची बस चौकात यायची वेळ झाली होती.

"मोठीमाय, ही कोनाकडची?" त्यानं स्वयंपाकघराकडं वळून विचारलं.

"तू जाय. बस सुटन."

तो गेला. थोड्या वेळानं धंतोलीच्या दवाखान्यातली रात्रपाळी संपवून प्रमोदिनी आली. चपला काढायच्या आधीच तिचं लक्ष अंगणात गेलं.

"मोठीमाय, ह्या कोनाकडच्या जी?"

"तू नीज पहिले. डोळे पाह्य कसे लाल झाले."

नवराबायकोची गाठ पडली नाही. नेहमीसारखीच.

असं घर. इंदोऱ्यात दोन खोल्या, मागं अंगण. दीक्षाभूमीला येणारी वर्ध्या-यवतमाळकडची माणसं दसऱ्याला इथंच उतरत. रुपरावची, प्रमोदिनीची, त्यांच्या गाववाल्यांची, त्या गाववाल्यांच्या सोयऱ्यांची. आणि मग दोन दिवस घरात नुसते आवाज राहत.

पाणी कुठं आहे वं?

ह्या पोराले धरा कोनी.

बेसनात मीठ कोनं टाकलं?

मी.

अवं, मीबी टाकलं!

रुपराव कुठं गेला गा?

ड्युटीवर.

अन् प्रमोदिनी?

तेबी.

मंग पाहुन्याईले कोन पाहून राहिलं?

मोठीमाय.

दसरा झाला की दिवाळी. दवाखान्यातल्या बाकीच्या नर्सा रजेवर, म्हणून प्रमोदिनीला दुप्पट काम. मग नाताळात शाळा बंद, पोरं दिवसभर घरात. लोकांच्या सुट्ट्या सुरू झाल्या की या घराची धावपळ वाढे, आणि थंडी सरेपर्यंत घर मोठीमायच्या हातात असे.

मोठीमायचं नाव अंजनाबाई, पण ते कोणी घेत नसे. युनियनच्या सभेत टेबल बडवणारा रुपराव तिच्यापुढं विडी पेटवत नसे. डॉक्टरांना उलट उत्तर देणारी प्रमोदिनी तिच्यासमोर डोक्यावर पदर घेई. त्यांची थोरली लेक चंद्रकला मॅट्रिकला होती. तिचा अभ्याससुद्धा मोठीमाय समोर बसून करवून घेई, स्वतःला अक्षर येत नसताना. घरात एवढी माणसं येत, पण तिला म्हणून भेटायला कोणी येत नसे, आणि तीही कुठं जात नसे. "मले कुठं फुरसत?" म्हणे.

पाहुण्यांना तिचा धाक होता. मागच्या दसऱ्याला जेवलेलं ताट तसंच ठेवून उठणाऱ्या एका सोयऱ्याला तिनं त्याच दिवशी गाडी दाखवली होती. तो खराखुरा सोयरा होता.

प्रमोदिनी निजल्यावर मोठीमाय अंगणात आली. उभीच राहिली.

"नाव काय वं तुहं?"

"रुखमाबाई."

"कोनाकडची?"

रुखमाबाईनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "प्रमोदिनीबाईच्या माहेरची."

"गाव?"

"दिग्रस."

"तिचं माहेर आर्वीचं आहे."

रुखमाबाई खडे नसलेले तांदूळ निवडत राहिली.

"मंग रुपरावची असन तू."

"हो. त्याईचीच."

"कोन लागते त्याची?"

सुपातला हात थांबला.

"कोनी नाही लागत, बाई. जथ्यासंगं आली. ट्रक काल वापस गेला. मी बसली नाही."

"काहून?"

"गावी कोन आहे? पोरगा गेला. सुनेनं दुसरं घर केलं. एकटीसाठी चूल पेटवाले हात उठत नाही." हात पुन्हा सुपात गेला. "इथं परवा कोनीतरी म्हनलं, आजी, सरका, मले बसू द्या. कितीक वर्सानं कोनी मले सरका म्हनलं."

शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, तो बंद झाला.

"खोटं बोलता येत नाही तुले," मोठीमाय म्हणाली. "भल्लं कच्चं बोलते."

"जातो मी. एवढे तांदूळ होऊ द्या."

मोठीमायनं वाकून तिची थैली उचलली.

रुखमाबाई समजली. उठली, लुगड्यावरचा कोंडा झटकला, सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि रस्त्याकडच्या दाराशी जाऊन उभी राहिली. थैलीसाठी तिनं हात पुढं केला.

मोठीमाय दाराकडं आलीच नाही. ती स्वयंपाकघरात गेली, थैली खुंटीला अडकवली आणि परत आली. आतल्या खोलीत प्रमोदिनी कुशीवर वळली, तसा तिनं आवाज बारीक केला.

"रुपराव विचारन तं म्हन, प्रमोदिनीकडची. प्रमोदिनी विचारन तं म्हन, रुपरावकडची. गावाचं नाव घेऊ नको."

"अन् दोघं एकमेकाले विचारतीन तं?"

मोठीमायनं भिंतीचं सूप उचलून तिच्या हातात दिलं.

"मी आली त्या दसऱ्याले चंद्रकला प्रमोदिनीच्या पोटात होती. आता मॅट्रिकले आहे. अजून तं नाही विचारलं."