गिरणीच्या पाटीवरची ओळ

"ही ओळ कुणावर लिहिलीय, ते सांगा आधी!" दळण न्यायला आलेल्या सुमतीबाई म्हणाल्या.

गिरणीच्या दारातल्या पाटीवर मी रोज एक सुविचार लिहितो. आजचा होता, 'जो आधी बोलतो, तो लहान होत नाही.' माझा बावीस वर्षांचा हिशेब सांगतो, की असं काही वाचून दहांतले नऊ जण शेजाऱ्याकडे बघतात, दहावा अंगावर घेतो.

तेवढ्यात त्यांची धाकटी जाऊ मंदाकिनी आली. दोघींची दारं शेजारी, पण दीड वर्षाचा अबोला. पाटी वाचून तीही भडकली. "आमच्या घरातलं तुम्हाला कुणी सांगितलं?" विचारलं मला, बघितलं जावेकडे.

"मी कशाला सांगू? तूच बोलली असशील!"

"अहो ताई, मी माहेरीसुद्धा सांगितलं नाही!"

"मग हेच आगाऊ!"

दोघींनी मिळून मला पोटभर सुनावलं. मी मान खाली घालून ऐकलं. त्या रागात सुमतीबाईंनी गव्हाच्या पिठाचा डबा उचलला, मंदाकिनीने बाजरीचा. डबे सारखेच, सासूबाईंनी एकाच दिवशी घेतलेले. अदलाबदल मला दिसली. मी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमतीबाई मुद्दाम वाकडी वाट करून आल्या. "डबा बदलायला काल आधी मीच निघाले हं."

अर्ध्या तासाने मंदाकिनी आली. "भाऊ, काल आधी मी निघाले. ताई काहीही सांगतील."

दोन दारांत सात पावलांचं अंतर. मधेच भेटल्या असणार.